धावताना अन् उडी मारताना अंग आवळतं, सैल ठेवायला शिकवायचं कसं?

मुरूम_पट्टी

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की शालेय तालुका स्पर्धा येतात, म्हणून आत्ताच विचारतो. प्रश्न १७ वर्षांखालच्या गटाचा आहे, मुलं आणि मुली दोन्ही. मैदान असं: ८० मीटर मुरमाची पट्टी, त्यापुढे काळी माती, लांब उडीचा खड्डा नदीच्या रेतीचा. सिंथेटिक ट्रॅक नाही, सुरुवातीला पाय टेकवायचे ब्लॉक नाहीत. दोन स्टॉपवॉच आणि एक मोबाइल आहे.

दोष तीन दिसतात. १०० मीटरमध्ये ५०-६० मीटरपर्यंत पळणं सुरेख, मग दात आवळले जातात, मानेच्या शिरा ताठ होतात, खांदे कानाला टेकतात आणि हात छातीपुढे आडवे फिरायला लागतात. लांब उडीत बोर्ड (उडी मारायची फळी) चार पावलांवर आला की पावलं बारीक होतात आणि उडी बोर्डावर उभं राहून मारल्यासारखी पडते. उंच उडीत तर आडवी काठी दिसली की धाव सुरू व्हायच्या आधीच अंग ताठ.

"सैल पळ" म्हटलं की मुलं वेगच सोडतात. नेमकं काय सांगायचं, कोणत्या क्रमाने, किती वेळा, हे जाणकारांनी लिहावं.

घोटा_चवडा

सर, "सैल पळ" ही सूचना अर्धीच आहे, म्हणून मुलं वेग सोडतात. अंगाचे काही भाग सैल हवेत, काही घट्टच हवेत. चेहरा, जबडा, मान, खांद्याचा वरचा भाग, मनगट आणि बोटं सैल. पोट-कंबरेचा पट्टा घट्ट. पाय जमिनीला लागतो त्या क्षणी घोटा घट्ट. मांडीचे स्नायू आळीपाळीने. मुलाला सरसकट सैल व्हायला सांगितलं की तो घोटाही सोडतो, टाच खाली येते, कंबर बसते आणि वेळ वाढते. मग त्याचा या सगळ्यावरचा विश्वासच उडतो.

मांडीचं काम समजून घ्या. पूर्ण वेगात शाळकरी धावपटू सेकंदाला साधारण चार पावलं टाकतो. म्हणजे एका पायाला जमीन सोडून, मागून पुढे येऊन, पुन्हा जमीन धरायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात पुढच्या बाजूच्या स्नायूंनी गुडघा वर आणून मोकळं व्हायचं असतं आणि लगेच मागच्या बाजूने पाय खाली-मागे ओढायचा असतो. दात खाऊन जोर लावला की दोन्ही बाजू एकाच वेळी आवळतात. जोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा मागे रेटतो, तशी गत होते. ताकद पूर्ण खर्च होते आणि पाऊल उशिरा पडतं.

खांदे वर चढले की कोपर मागे जात नाही. कोपर अडलं की हात आडवा फिरतो, त्याला तोलायला कंबर उलटी फिरते आणि पाऊल सरळ रेषेत पडत नाही. म्हणजे तुम्हाला दिसणारे आडवे हात हे खांद्यांमुळे आहेत. "हात सरळ, हात सरळ" ओरडून ते सुधारत नाहीत, खांदे खाली आले की आपोआप सुधारतात.

आणि १०० मीटरमध्ये शेवटपर्यंत वेग वाढवत नेणारा माणूस जगात नाही. बोल्टच्या २००९ च्या बर्लिनमधल्या ९.५८ सेकंदांचे २० मीटरचे टप्पे असे आहेत: २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६. शेवटचे २० मीटर त्यालाही हळू गेले. कार्ल लुईस १९९१ च्या तोक्योच्या अंतिम शर्यतीत अर्ध्या अंतराला मागे होता आणि ९.८६ सेकंदात पहिला आला, कारण शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग इतरांपेक्षा कमी घटला. ६० मीटरनंतरचं काम वेग राखायचं आहे. तिथे बाहेरून "आता जोर लाव" ओरडलं की शरीराकडे जे उरलेलं नाही ते आपण मागतो, आणि ते आवळून दाखवतं.

वऱ्हाडी_शिट्टी

घोटाभाऊ, सगळं बरोबर सांगतलं तुम्ही. पण राजेहो, पोट्टं ६० मीटरवर आवयते त्याचं कारण लय वेळा पहिल्या ३० मीटरात रायते, ते आधी पाहा.

शिट्टी वाजली का दुसऱ्याच पावलाले मान वर. मान वर आली का छाती उभी, छाती उभी का ढांगा समोर पडाले लागते. ढांग अंगाच्या समोर पडली का दर पावलाले ब्रेक लागते. मंग तो ब्रेक तोडाले पोट्टं दर पावलाले जोर लावते अन् ६० मीटरवर संपते. तुमी तिथं जबडा सोड म्हणून सांगान तर काहीच फरक पडत नाई. रोग पाठीमागं हाये.

मोबाइल बाजूनं धरा, ४० मीटरच्या रेषेवर. पाय जमिनीले लागते तवा व्हिडिओ थांबवा. गुडघ्याच्या लय समोर पाऊल पडत असन, टाच आधी लागत असन, तर आधी सुरुवात सुधरवा. पहिले पाच-सहा पावलं नजर जमिनीवर, दोन-तीन मीटर समोर. मान पाठीच्या रेषेत. जमिनीले मागं ढकलाचं, ढांग मोठी कराची नाई. १५ ते २० मीटरपर्यंत हळूहळू उभं व्हाचं. ब्लॉक नसले तरी चालते, एक पाय समोर एक मागं ठेवून उभी सुरुवात शिकवा. २० मीटरच्या सहा सुरुवाती, मंधात दोन-दोन मिनिटं आराम. हे नीट झाल्यावर अर्धे पोट्टे आपोआप सैल पयते.

क्रीडाताई_वणी

वरच्या दोघांशी सहमत. आता जागेवर करायचं काम सांगते. हे शाळेच्या वर्गातसुद्धा होतं आणि पावसाच्या दिवसांत तेवढंच हाती असतं.

आवळलेलं आणि मोकळं यातला फरक मुलांना अंगात कळतच नाही, तो आधी कळू द्यावा लागतो. दरीवर (सतरंजीवर) उताणं झोपवा. मूठ पाच सेकंद आवळायची, पूर्ण ताकदीने नाही, अर्ध्या जोराने. मग सोडून १५ सेकंद काही करायचं नाही. याच पद्धतीने पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ, असं खालून वर. जबड्यासाठी दाढा हलक्या आवळून सोडायच्या, जीभ खालच्या दातांमागे सैल पडली पाहिजे. एक फेरी साधारण तीन मिनिटांत होते. दोन आठवडे रोज, शक्यतो रात्री झोपताना. त्यानंतर मैदानावर सगळी फेरी लागत नाही. खांदे श्वास घेत कानापर्यंत न्यायचे आणि श्वास सोडत टाकून द्यायचे, तीन वेळा, एवढं पुरतं.

दुसरं, हातांचं. पाय लांब करून जमिनीवर बसवा आणि धावताना हलतात तसे हात हलवायला लावा, २० सेकंद, चार वेळा, मध्ये ४० सेकंद. कोपर पुढे येताना साधारण काटकोनात, मागे जाताना थोडं उघडतं. हाताचा पंजा पुढे हनुवटीच्या उंचीपर्यंत, मागे खुब्याच्या थोडा पलीकडे. खांदे सैल असतील आणि कोपर खरोखर मागे जात असेल तर बसल्या जागी बूड किंचित उचललं जातं. खांदे वर गेलेले असतील तर नुसती मान हलते. मुलं एकमेकांचं बघून हे पटकन ओळखतात, त्यांनाच बघू द्या.

तिसरं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये पळसाचं वाळलेलं पान धरून ४० मीटर पळायचं. पान चुरगळलं तर मूठ आवळली. कडक मूठ मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात जाते. पण हाताची बोटं एकदम लुळी, फडफडणारी पण नकोत. त्यानेही हात भरकटतो.

सूचना धावेच्या आधी द्या, आणि एकाच गोष्टीची द्या. "जबडा" म्हटलं तर त्या धावेला फक्त जबडा. धावता धावता तीन सूचना ऐकणारं मूल तिन्ही विसरतं आणि वरून ताठ होतं.

मुरूम_पट्टी

ताई, भाऊ, आभार. सगळीकडे ९० टक्के, ८५ टक्के असं वाचायला मिळतं. मुलाला ९० टक्के म्हटलं तर तो कधी ७० ने पळतो, कधी १०० ने. हे मोजायचं कसं? आणि ८० मीटर पट्टीत बसवायचं कसं?

घोटा_चवडा

मोजल्याशिवाय टक्क्यांना अर्थ नाही, बरोबर पकडलंत.

३० मीटरची उडती वेळ काढा. म्हणजे २५ मीटर वेग घ्यायला, मग चुन्याच्या दोन रेषांमधले ३० मीटर मोजायचे, उरलेले २५ मीटर थांबायला. तुमच्या ८० मीटरमध्ये बरोबर बसतं. थांबायची जागा कधीही कमी करू नका. समोर काळ्या मातीच्या भेगा किंवा कुंपण दिसत असेल तर मूल रेषेच्या आधीच आवळायला लागतं, आणि पूर्ण वेगात ताठ होऊन थांबण्यात मांडीचा मागचा स्नायू धरतो.

समजा पूर्ण जोरातली उत्तम वेळ ४.०० सेकंद आहे. तिला ०.९ ने भागा: ४.४४ सेकंद म्हणजे ९० टक्के. ०.९५ ने भागलं की ४.२१. ८० टक्के म्हणजे ५.००. मुलाला धावण्याआधी आकडा सांगू नका. धावून आल्यावर "किती टक्के वाटलं?" विचारा आणि मग खरी वेळ सांगा. दोन-तीन आठवड्यांत अंदाज जवळ येतो.

इतक्या कमी अंतराला हाताच्या स्टॉपवॉचवर विसंबू नका, बोटाचाच फरक दोन-तीन दशांशांचा होतो. मोबाइल सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओवर लावा. पट्टीपासून २०-२५ मीटर लांब, ३० मीटरच्या मध्यासमोर, घट्ट ठेवून. मोबाइलमधून पाहून दोन्ही रेषांच्या सरळ रेघेत एकेक काठी रोवा. छाती पहिल्या काठीला आल्यापासून दुसऱ्या काठीपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि ६० ने भागा. २४० फ्रेम म्हणजे ४.०० सेकंद.

आता मजा इथे आहे. चांगल्या गरम झालेल्या अंगाने एक धाव "पूर्ण जीव तोडून" आणि एक "जोर थोडा कमी, पावलांची चाल तीच, चेहरा मोकळा" अशी काढा. मध्ये सहा ते आठ मिनिटं आराम. पुष्कळ मुलांच्या दोन्ही वेळा जवळपास सारख्या येतात, काहींची दुसरी चांगली येते. स्वतःच्या डोळ्यांनी फ्रेम मोजल्यावर मुलाला जे पटतं ते आपण तासभर बोलून पटत नाही. अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेटचे प्रशिक्षक बड विंटर हीच गोष्ट शिकवत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलाच्या वैमानिकांना अंग सैल सोडायचं शिकवलं होतं, तेच धावपट्टीवर आणलं. सैल जबडा, सैल हात, एवढीच त्यांची खूण. त्यांच्या हाताखालचा टॉमी स्मिथ १९६८ ला मेक्सिकोत २०० मीटर १९.८३ ला धावला आणि ली इव्हान्स ४०० मीटर ४३.८६ ला. ते दोन्ही तेव्हाचे जागतिक विक्रम होते.

सरावाचं मुख्य अंग मात्र जलद-तरंग-जलद धाव. चुन्याने १५-१५ मीटरचे चार भाग करा. पहिल्यात वेग घ्या, दुसऱ्यात जलद, तिसऱ्यात तरंगा, चौथ्यात पुन्हा जलद. ६० मीटर झाले, २० थांबायला उरले. तिसऱ्या भागात पावलांची गती तीच ठेवून फक्त रेटा कमी करायचा. इथे मुलं दोन चुका करतात. मागे कलतात, नाहीतर पावलं लांबवतात. दोन्हीत ब्रेक लागतो आणि चौथ्या भागात पुन्हा जोर लावून सुरुवात करावी लागते. बरोबर झालं तर चौथा भाग बाहेरून बघणाऱ्याला वेगळा ओळखूच येत नाही. चार धावा, मध्ये पाच-सहा मिनिटं. आठवड्यात दोनदा, मध्ये किमान ४८ तास. त्याआधी ६० मीटरच्या चार मोकळ्या धावा ७०, ७५, ८०, ८५ टक्क्यांनी, चालत परत यायचं.

पूर्ण जोराच्या धावेनंतर दर १० मीटरला एक मिनिट आराम, हा अंदाज धरा. ६० मीटरला सहा मिनिटं. मुलांना एवढं बसणं आवडत नाही, पण दमलेल्या अंगाने जोरात पळवलं की ते आवळून पळण्याचाच सराव होतो. दिवसाचं पूर्ण जोराचं अंतर २०० ते ३०० मीटरच्या वर नको.

साडेपाचची_बॅच

आमच्याकडे भरतीवाले आहेत. पोलीस भरतीत ५० पैकी १५ गुण १०० मीटरला. तिथे ९० टक्के पळून कसं चालेल? शिवाय १६०० मीटरचे २० गुण आहेत, म्हणून पोरं रोज १६०० काढतात आणि त्यावर १०० मीटरच्या दहा-दहा धावा.

घोटा_चवडा

भाऊ, ९० टक्के हा सरावाचा मार्ग आहे. चाचणीच्या दिवशी वेग पूर्णच हवा, फक्त तो काढताना मान-खांदे त्यात ओढायचे नाहीत. आणि रोज १६०० नंतर दहा वेळा १०० मीटर, यात एकही धाव खऱ्या वेगाची होत नाही. पाय जड, कंबर बसलेली, खांदे वर, आणि तीच सवय शरीरात मुरते. सोमवार आणि गुरुवार फक्त वेगाचे ठेवा, वार्मअपनंतर लगेच, ताज्या पायांनी. १६०० चं जोरदार काम मंगळवारी आणि शुक्रवारी. बुधवारी नुसतं हलकं. १०० मीटर डांबरी रस्त्यावर काढू नका. पोटरी आणि नडगी दोन्ही आखडतात, आणि नडगी दुखत असलेला कुणीच सैल पळत नाही.

श्वासाचंही सांगतो. सुरुवातीला क्षणभर श्वास धरला जातो, ते साहजिक आहे. पण पूर्ण १०० मीटर धरून ठेवला की मान आणि छाती ताठ होतेच. दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला तो सुटला की पुढे शरीर आपोआप घेतं. मोजून श्वास घ्यायला लावू नका.

रेतीखड्डा

लांब उडीचं मी लिहितो, कारण इथे सैल राहण्याची जागा फार नेमकी आहे.

१७ वर्षांखालच्या मुलाला १२ ते १४ पावलांची धाव पुरे. मोठ्यांचं बघून २० पावलं घेतात, वेग आठव्या-दहाव्या पावलालाच संपतो आणि उरलेलं अंतर दमून कापतात. १४ पावलांची वाटणी अशी करा: पहिली चार ढकलत, मधली सहा उंच आणि मोकळी, शेवटची चार झपाझप. जबडा-खांदे तपासायचे ते मधल्या सहात. शेवटच्या चारात कसलाही विचार नको.

बोर्डाजवळ पावलं बारीक होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच असतं, मूल बोर्ड बघतं. बघतं कारण पाऊल बसेल याची खात्री नसते. म्हणजे हा भीतीचा प्रश्न फितीने सुटतो. बोर्ड विसरा. मुरमाच्या पट्टीवर एका रेषेवरून १४ पावलं सहा वेळा धावायला लावा, उडी नाही. दर वेळी १४ वं पाऊल कुठे पडतं तिथे कुणीतरी काडी रोवायची. सहा काड्यांपैकी एकदम पुढची आणि एकदम मागची सोडा, उरलेल्या चारांचा मध्य काढा, रेषेपासून फितीने मोजा. तेवढं अंतर बोर्डाच्या खड्ड्याकडच्या कडेपासून मागे मोजा आणि सुरुवातीची रेष त्याहून साधारण १० सेंटीमीटर आणखी मागे ठेवा, तेवढी सवड हवी. चार काड्या अर्ध्या मीटरपेक्षा जास्त पसरल्या असतील तर उडीकडे जाऊच नका, पहिली चार पावलं एकसारखी होईपर्यंत तेच करा. पसारा बहुतेक तिथूनच सुरू होतो. सुरुवात दर वेळी सारखी हवी: उभं राहून, तोच पाय पुढे, आधी दोन पावलं चालत येणं वगैरे काही नाही.

नजर खड्ड्याच्या पलीकडच्या एखाद्या झाडावर किंवा खांबावर. शिक्षकाने बोर्डाच्या आधीच्या चौथ्या पावलाची खूण बाजूला ठेवायची आणि तिथे उभं राहायचं. मूल तिथे बरोबर येत असेल आणि तरी बोर्डावर चुकत असेल, तर शेवटच्या चारात गडबड आहे. तिथेच मागेपुढे असेल तर सुरुवातीची रेष हलवा.

उडीच्या आधीचं पाऊल थोडं लांब आणि सपाट, त्यात कंबर किंचित खाली जाते. शेवटचं पाऊल आखूड आणि झटकन, पूर्ण तळवा जमिनीवर. त्या क्षणी घोटा, गुडघा, कंबर घट्ट हवी. इथे सैल राहिलात तर गुडघा खचतो आणि सगळा वेग जमिनीत जातो. पण मान-जबडा तेव्हाही मोकळाच. हनुवटी छातीला लागली की शरीर हवेत पुढे गडगडतं आणि पाय लवकर खाली येतात.

हे जोडायला सहा पावलांच्या लहान धावेवरून आठ-दहा उड्या, जोर कमी. मग दहा पावलांवरून पाच. पूर्ण धावेवरून दिवसाला चार ते सहाच.

वाऱ्याचं आणि जमिनीचं ध्यानात ठेवा. समोरून वारा असेल तर पावलं आखूड पडतात, खूण २०-३० सेंटीमीटर बोर्डाकडे सरकवा. पाठीमागून असेल तर तेवढीच मागे. ओल्या, भुसभुशीत पट्टीवर पण बोर्डाकडे.

बोर्डाभोवतीचा मुरूम रोज भरून ठोका. पट्टी खाली बसते आणि लाकडाची कड वर राहते, मग मुलाला अडखळायची धास्ती बसते. ती धास्ती कितीही समजावून जात नाही, पाटीभर मुरमाने जाते. रेतीही सरावाआधी कुदळीने मोकळी करून फावड्याने सपाट करा. पावसाने बसलेली रेती कडक होते, एकदा टाचेला लागली की पुढच्या उडीला पाय आधीच आखडतात.

वऱ्हाडी_शिट्टी

रेतीखड्डाभाऊ, हे काड्या रोवाचं काम एक नंबर. एकच जोडतो. पावलाच्या खुणेसाठी पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) आडव्या टाकत असते काही जण. पऱ्हाटी पायाखाली गोल फिरते अन् घोटा मुरगयते. चुन्याची रेघ मारा.

अन् हाव, धावाच्या पट्टीवरही रेघा मारल्या तर लय फायदा होते. १.५० मीटरपासून सुरू करून १.७५ पर्यंत वाढवत नेलेल्या दहा-बारा रेघा. रेघांच्या मंधात पाऊल टाकत पयालं का ढांग समोर टाकता येत नाई. उंच पोट्टं असन तर १.९० पर्यंत न्या. पोट्ट्याले रेघा गाठाले ताणा लागत असन तर अंतर कमी करा.

वैनगंगाकाठ

चर्चा छान चालली आहे जी. थोडं हवामानाचं.

घसरणाऱ्या जमिनीवर कोणीच सैल पळू शकत नाही, शरीर स्वतःला वाचवायला आवळतंच. जुलै-ऑगस्टात काळी माती बुटाला लोंदा धरते, स्पाइकच्या (खिळ्यांच्या बुटांच्या) पिना तिच्यात बुजून जातात. अशा दिवशी पूर्ण वेग काढूच नये. ताईंनी सांगितलेलं वर्गातलं काम, जागेवर गुडघे उचलणं, आणि मुरमावर ७० टक्क्यांच्या धावा, एवढंच. मुरूम आणि मातीसाठी १२ मिलिमीटरची पिन ठीक पडते. विभागीय स्पर्धेला सिंथेटिकवर जायचं असेल तर धावण्याला आणि लांब उडीला ९ मिलिमीटरच्या वर पिन चालत नाही, बदलून न्या.

उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या घरात जातो. साडेपाच ते साडेसात, त्यानंतर मैदान बंद. पोटरीत गोळे येणारं मूल सूचना ऐकण्याच्या स्थितीत नसतं, त्याला पाणी, मीठ-साखर आणि सावली द्यावी जी. थंडीत उलट आहे. डिसेंबरच्या पहाटे अर्धा तास गरम व्हायला द्या, स्वेटर शेवटच्या मोकळ्या धावेपर्यंत अंगावर राहू द्या. ८०० मीटर हलकं पळणं, पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं दहा-दहा वेळा, २० मीटर गुडघे उचलत दोनदा, मग तीन मोकळ्या धावा. एक-एक मिनिट ताणून धरण्याचे प्रकार सराव संपल्यावर.

क्रीडाताई_वणी

उंच उडीचा प्रश्न राहिलाच. काठी काढा. दोन खांबांना इलास्टिक बांधा, नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या जोडून. पहिले तीन-चार दिवस उंची मुलाला नक्की जमते त्यापेक्षा १५ सेंटीमीटर खाली ठेवा आणि फक्त धावेची चाल बघा. आठ पावलं, पहिली चार सरळ, पुढची चार वळणावर. नुसते खांदे वळणाच्या आतल्या बाजूला नाही, सगळं शरीर घोट्यापासून आत कललेलं हवं. चाल सारखी झाली की इलास्टिक पाच-पाच सेंटीमीटरने वर.

आणि हे जरा कडक सांगते: फोमची जाड गादी नसेल तर पाठीवर पडण्याची उडी शिकवू नका. रेतीवर फक्त कात्री उडी, पायांवर उतरायचं. मान वाचवायच्या भीतीने ताठ झालेलं मूल बरोबरच वागत असतं.

साडेपाचची_बॅच

एक अडचण आहे. मांडीच्या मागे चमक आली की पोरं गरम तेलाने चोळून दुसऱ्या दिवशी पळतात. चालतं का?

घोटा_चवडा

नाही. धावताना मागच्या मांडीत कळ आली किंवा काही तुटल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी थांबायचं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं नाही, शेक नाही, ताणणं नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. चालताना लंगडत असेल, काळं-निळं पडलं असेल किंवा खड्डा लागत असेल तर डॉक्टरला दाखवा. न दुखता भरभर चालता आणि हलकं पळता येईपर्यंत वेग नाही. परत सुरुवात ६० टक्क्यांपासून. अर्धवट बऱ्या पायाने पळणारा प्रत्येक पावलाला तो पाय राखतो आणि दुसरी बाजू आवळतो.

मुरूम_पट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारतो. तालुक्याला सकाळी हीट (प्राथमिक फेरी) आणि दुपारी फायनल असते. मधले तीन-चार तास मुलं उन्हात ओरडत बसतात आणि फायनलला अंग लाकूड. काय करावं?

क्रीडाताई_वणी

हीट संपल्यावर पाच मिनिटं चालणं, स्पाइक काढून साधे बूट. मग झाडाखाली दरीवर, पाय थोडे उंच. एक केळ, गुळाचा खडा, पाणी घोट-घोट, पोटभर जेवण नाही. फायनलच्या ४० मिनिटं आधी उठवा, १५ मिनिटं हलकं पळणं आणि पाय झुलवणं, दोन मोकळ्या धावा ४० मीटरच्या, एक छोटी सुरुवात. नाव पुकारल्यावर रेषेमागे खांदे वर-खाली तीनदा, हात झटकणं, जबडा सोडणं. त्यानंतर तुम्ही काहीही सांगू नका. आणि मैदानाच्या कडेला उभ्या पालकांना व मित्रांना आधीच विनंती करून ठेवा, ओरडायचंच असेल तर मुलाचं नाव घ्या, "जोर लाव" म्हणू नका.

रेतीखड्डा

उडीवाल्यांसाठी एवढंच जास्तीचं: स्पर्धा सुरू व्हायच्या आधी त्या मैदानावर पूर्ण धाव दोनदा काढून खूण पुन्हा बसवा. घरच्या मैदानावरचं अंतर तिथे जसंच्या तसं लागत नाही. फीत आणि चुन्याची पुडी पिशवीत ठेवा.